भिंतीवरच्या मामांची मिशी

तीर्थरूप मामांना वाकून नमस्कार, आणि हे पाकीट तुमच्याआधी मामीच फोडणार असल्यामुळे त्याच वाकण्यात तिलाही एक.

तुमची दाढ कशी आहे? मामीचा गुडघा जिना चढू देतो का? दुकानाच्या पाटीवरच्या चष्म्याची एक काच पक्ष्यांनी खराब केली होती ती पुसली, की गिऱ्हाईक अजून 'एका डोळ्याचं दुकान' म्हणूनच येतं? इकडे मी खुशाल आहे. पत्राला कारण म्हणाल तर काहीही नाही. (हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पत्र हाती पडल्यावर तुम्ही आधी शेवटचं पान काढून 'हिला नेमकं काय हवंय' ते बघता, हे मला लहानपणापासून माहीत आहे. काहीही नको आहे.) फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही 'पोचलीस का? बरं, ठेव' याच्या पलीकडे जात नाही. मला या शहरात येऊन वर्षं लोटली, तरी मी रोज कुठून तरी निघून कुठे तरी पोचते आहे अशीच तुमची समजूत दिसते. असो. सांगायचं ते लांबलचक आहे आणि ते ऐकताना तुम्ही मध्येच ठेवू नये, म्हणून पत्र.

आधी माझ्या कामाविषयी. ते मी तुम्हाला पुष्कळदा समजावलं आणि दर वेळी तुम्ही गिऱ्हाइकांना 'भाची कार्टून काढते' असंच सांगत आलात. मी काढत नाही, मामा. मी काढणाऱ्यांच्या चुका काढते. आमची मालिका आहे अवकाशयानाची. माणसांना राहता येईल असा ग्रह शोधायला एक यान निघालंय, ते अजून पोचलेलं नाही, आणि वाटेत कप्तानबाई, तिचा सासरा आणि रुसका यंत्रमानव एकमेकांशी भांडत असतात. आता कप्तानबाईचा हात दुसऱ्या भागात मोडला तर तिसऱ्या भागात प्लास्टर हवं, यंत्रमानवाच्या डाव्या कोपराला पोचा आलाय तो उजव्याला जाता कामा नये, आणि सासऱ्याच्या कपाचा कान तुटलाय तो आपोआप उगवता कामा नये. हे बघायचं म्हणजे माझं काम. त्याला आमच्याकडे कंटिन्युइटी म्हणतात. ही नजर मला तुमच्या दुकानात मिळाली हे मी मुलाखतीतसुद्धा सांगितलं होतं. तुमच्या त्या स्टुलावर बसून भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मी पाठ केला होता, आणि शेवटून तिसऱ्या ओळीशी आलं की माणूस थापा मारायला लागतो हे तुमचं वाक्य मी आजही लोकांना ऐकवते. (मी तक्ता पाठ केलाय हे कळल्यावर तुम्ही गुपचूप दुसरा लावलात आणि मला नापास केलंत, तेही ऐकवते.)

तर अशी ही चुका काढणारी तुमची भाची सध्या स्वतःच चुकीत सापडली आहे, आणि ती चूक, मामा, तुमच्या तोंडावर आहे. रागावू नका, पुढे वाचा.

आमच्या खोलीत एक मोठा फळा आहे. कुठली वस्तू कशी दिसते याचं पक्कं ठरलेलं चित्र त्याच्यावर टाचणीने लावायचं, आणि फळ्यावर जे लावलं ते खरं, त्याला प्रश्न विचारायचा नाही, असा आमचा नियम आहे. मागची दृश्यं रंगवणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही रंगारी म्हणतो. अत्यंत नाकासमोरचा माणूस. कानाला हेडफोन, समोर फळा, फळ्यावर दिसेल ते यानात. एकदा कुणीतरी 'आपापला कप विसळून ठेवा' अशी सूचना फळ्यावर लावली, तर ती यानाच्या नियंत्रणकक्षात कप्तानबाईच्या डोक्यावर जाऊन बसली. प्रेक्षकांनी तिला त्या संस्कृतीचं महावाक्य ठरवलं. आता ती छापलेले सदरे मिळतात.

एवढा अनुभव गाठीशी असताना मी काय केलं, तर मामीने पाठवलेला तुमचा फोटो छापून घेतला आणि त्याच फळ्याच्या कोपऱ्यात लावला. दुसरं कारण काही नव्हतं, तिथे एक टाचणी रिकामी होती आणि तुमची आठवण येत होती. ती झुपकेदार मिशी, खांद्यावर टॉवेल, आणि फोटो काढणाऱ्यावर विश्वास नसल्याची मुद्रा. रंगाऱ्याने तो कप्तानबाईच्या खोलीत, पलंगाच्या वरच्या भिंतीवर, चौकटीसकट लावून टाकला. तुम्ही विचाराल, मग तू काय तपासत होतीस? मी तपासलं, मामा. दृश्य पाहिलं, फळा पाहिला, दोन्हीकडे तुम्ही होतात, जुळतंय म्हणून खूण केली. तुम्ही भिंतीवर असणं मला इतकं सवयीचं आहे की इथे हा माणूस कशाला, हे मनातसुद्धा आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. मामी नवा फोटो पाठवी, मी जुना काढून नवा लावी, रंगारी निमूटपणे यानातला बदली करी आणि मी पुन्हा जुळतंय म्हणून खूण करी. त्यातच तुमच्या मिशीला काय झालं देव जाणे. पहिल्या भागात झुपका. मग अर्धीच मिशी. (मामी म्हणाली मशीन घसरलं.) मग साफ सपाट. मग एका भागात तुमचा डावा गाल भोपळ्याएवढा आणि गळ्याला मफलर, म्हणजे दाढेचे दिवस. आणि आता ती पेन्सिलीने ओढल्यासारखी रेघ, जी तुम्हाला शोभत नाही हे मी भाची म्हणून सांगते. बाहेर लाखो मैल कुठेही गाव नाही, यानात न्हावी नाही, आणि भिंतीवरच्या फोटोतला माणूस दर भागात दाढी करतोय.

आता आमच्या दिग्दर्शिकाबाईंची हौस ऐका. प्रत्येक भागात काहीतरी लपवायचं आणि प्रेक्षकांनी ते शोधून काढायचं, यासाठी त्या जिवाचं रान करतात. पहिल्या भागात हातातून निसटलेला चमचा दर भागात कुठल्या तरी खिडकीबाहेरून तरंगत जातो, आणि कोपऱ्यातल्या रोपट्याला दर भागात एक पान वाढतं. त्या चमच्यासाठी आमच्या बैठका झाल्या आहेत, भांडणं झाली आहेत, एक माणूस नोकरी सोडून गेला आहे. चमचा आजवर कुणालाही दिसला नाही. मिशी मात्र दिसली.

ती दिसली एका इसमाला. इंटरनेटवर आमच्या प्रेक्षकांची एक चावडी आहे (तुम्हाला इंटरनेटचं वावडं, म्हणून सांगते, तिथे लोक खरं नाव न सांगता बोलतात), तिथे हा 'शेवटून तिसरा' असं नाव घेऊन वावरतो. वर्गात त्याचा तोच नंबर आला असणार. बाकीची मंडळी अर्ध्या शब्दांत लिहितात, हा मात्र पूर्णविरामासकट. त्याने सगळ्या भागांतले तुम्ही ओळीने मांडले आणि खाली लिहिलं, 'मिशीकडे लक्ष असावे. हे सहज झालेले नाही.' झालं, पराचा कावळा व्हायला तेवढं पुरलं. फोटोतला माणूस जिवंत आहे. तो यानाचा पहिला कप्तान आहे. तो काळातून उलटा येतो आहे. सुजलेला गाल हा गुरुत्वाकर्षणाचा परिणाम आहे. लोक तुम्हाला 'भिंतीवरचे काका' म्हणायला लागले, आणि सगळ्यात जास्त राग मला त्याचा आला. काका कुठले? मामा आहेत ते. तो शेवटून तिसरा मला एकदा भेटायला हवा. घरी बायको विचारत नसेल, कामधंदा नसेल, दिवसभर दुसऱ्यांच्या मिशा मोजत बसणारा रिकामटेकडा कुठला.

मग बैठक झाली. मालक, दिग्दर्शिकाबाई, रंगारी आणि मी. पडद्यावर एकेक करून तुम्ही आलात, भिंतभर मोठे. मालकांनी शांतपणे विचारलं की हा माणूस कोण आणि आपल्या यानात काय करतोय. मी कानांवर हात ठेवायचं पक्कं ठरवून गेले होते. पण तेवढ्यात तो सुजलेल्या गालाचा फोटो आला, आणि तुमचा चेहरा इतका केविलवाणा दिसत होता की माझ्या तोंडून निघून गेलं, मामा, दाढ काढायला सांगितली होती ना. पुढे काही विचारायची कुणाला गरज उरली नाही.

मालक म्हणाले की चुका पकडणाऱ्या खुर्चीत दुसरं कुणी बसवावं लागेल. मी सामान आवरायच्या तयारीला लागले होते, पण दिग्दर्शिकाबाईंनी मला वाचवलं, म्हणजे स्वतःला वाचवताना मीही वाचले. त्यांना त्याआधीच एका जाहीर कार्यक्रमात मिशीबद्दल विचारलं गेलं होतं, आणि त्यांनी पापणीसुद्धा न लवता सांगून टाकलं होतं की अर्थातच, सगळं पहिल्यापासून ठरलेलं आहे, शेवटच्या भागात उलगडा होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हा आता शेवटच्या भागात यान ग्रहावर उतरणार आणि भिंतीवरचा माणूस बोलणार. तसं झालं तर माझी चूक ही चूक राहत नाही, कलाकृती होते, आणि खुर्ची माझ्याकडे राहते. नाही झालं, तर मी येतेच तुमच्या दुकानात स्टुलावर बसायला.

असा सगळा प्रकार आहे. मामीला सांगा की गुडघ्याला ऊब द्यावी आणि जिना चढताना कठड्याला धरावं. तुम्ही प्रकृतीला जपा, गार पाणी पिऊ नका, माझी काळजी करू नका. मला कशाचीही गरज नाही.

तुमची भाची
(एकच आहे, म्हणून नाव लिहीत नाही.)

ता. क. आता लिहितेच आहे तर एक किरकोळ गोष्ट. मिशी वाढवा. झुपकेदार, पहिल्यासारखी. रंगारी मनाने एक केसही काढत नाही. पहिल्या भागावरून काढ म्हटलं तर म्हणतो, एवढा प्रवास करून आलेला माणूस थोडा दमलेला दिसायला हवा, फळ्यावर नवा फोटो लावा. शिवाय तुमचा आवाज हवा आहे. एकच वाक्य. बाहेरचा नट आणून पाहिला, तो ते वाक्य राजासारखं म्हणतो. तुम्ही कार्टूनला पोरखेळ म्हणता, मालिकेचा एकही भाग पाहिलेला नाही, तेव्हा नाही म्हणाल याची भीती वाटते. म्हणून मामीला आत्ताच मोबाइलवर विचारलंय की मामांना कोणत्या वेळी विचारलं तर होकार मिळेल.

ता. क. दुसरा. मामीचं उत्तर आलं. ते तिच्याच शब्दांत उतरवते.

ती म्हणते, ते पहिल्या भागापासून बघतायत. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की शटर अर्धं ओढतात आणि नाकावर दोन चष्मे चढवून बघतात. पहिल्यांदा स्वतःला भिंतीवर पाहिलं त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला दोन्ही काचा उलट्या बसवून दिल्या. मग म्हणाले, मी फोटो पाठवायला लावतो तर पोरगी उत्तराला नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवते, ती फोटो बघते तरी का ते पाहू, आणि अर्धी मिशी उडवली. मशीन घसरलं वगैरे काही नाही. पुढच्या भागात अर्धी मिशी भिंतीवर दिसली तेव्हा इतके खूश झाले की दुसरे दिवशी उरलेलीही काढली. दाढ तेवढी खरी सुजली होती. त्यांना वाटतं, तू बोलत नाहीस पण अशी उत्तरं पाठवतेस. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून तुमच्या त्या चावडीवर जाऊन लिहून आले. नाव काय घेतलंय ते मला सांगत नाहीत, तक्त्यावरची कुठलीशी ओळ आहे म्हणे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. रिकामटेकडा, बायको विचारत नसेल वगैरे जे वर लिहिलंय ते मी मागे घेते.

आणि शेवटी मामी म्हणते, हे चुकून झालं असं त्यांना कधी सांगू नकोस.

ता. क. तिसरा, फक्त मामीसाठी. पाकीट तूच फोडतेस ना? मग इथवरची सगळी पानं काढून घे आणि तुझ्या डब्यात ठेव. मामांना फक्त शेवटचं पान दे. ते तसंही आधी तेच वाचतात.

(शेवटचं पान)

तीर्थरूप मामांना नमस्कार. पत्र छोटंच आहे.

अर्धी मिशी मिळाली, सपाट मिळाली, गाल मिळाला, रेघही मिळाली. सगळं ठरवूनच लावलं होतं, पहिल्यापासून. तुमच्या लक्षात येणार याची खात्री होती.

आता शेवटचा भाग आहे, तेव्हा मिशी पूर्ण वाढवा. यान उतरतं, दार उघडतं, आणि तुम्ही भिंतीवरून विचारता, 'पोचलात का?' एवढंच म्हणायचं आहे. सराव करू नका, बिघडेल.

आवाज घ्यायला शनिवारी मीच येते आहे. पोचल्यावर फोन करणार नाही, दारातच विचारा.