भिवाजीमामांसाठी जपानी गळ

नारायणगुडा, हैदराबाद
रविवार

आदरणीय भिवाजीमामांना प्रज्ञेशचा सविनय जयभीम. केसरमामींनाही जयभीम.

आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमची खुशाली विचारत नाही, कारण विचारली की तुम्ही "मला काय धाड भरलीय?" म्हणता आणि गुडघ्याचं नाव निघताच फोन ठेवता. म्हणून हे पत्र. कागद कट करता येत नाही. मांजरा नदी हाकेच्या अंतरावर असून वर्षभरात तुम्ही काठावर गेला नाहीत, आणि हैदराबादच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की तुम्हाला नेमकं सोयाबीन आठवतं, हे मला सगळं कळतं. (मामींनी सांगितलं असं मी लिहिलेलं नाही.) तरी या पत्रात गुडघ्याचा विषय काढणार नाही. शब्द देतो.

विषय माशांचा आहे. मामा, जपानी लोकांनी काय डोकं चालवलंय! डोंगरातल्या ओढ्यांवर मासे धरायची त्यांची एक जुनी रीत आहे, तेनकारा म्हणतात. एक काठी, शेंड्याला दोरा, दोऱ्याला गळ आणि गळावर पिसाची खोटी माशी. संपलं! रीळ नाही, पीठ नाही, गांडूळ नाही. मासा येईना म्हणून माशी बदलायची नाही, आपला हात बदलायचा. अहो, तुम्ही बांबूच्या काठीनं मला जवळजवळ हेच शिकवलं होतं की! आपल्याला फक्त नाव द्यायचं सुचलं नाही.

खऱ्या जपानी काठीची किंमत ऐकून रोशनी (तुमची भाचेसून, आमच्या घरची अर्थमंत्री) नुसती हसली. मग इथल्या कोठी बाजारातल्या गल्ल्या पालथ्या घालून एक घडीची काठी स्वस्तात आणली. पिसं इथल्या चिकनवाल्याकडून. कोंबडी नको, नुसती पिसं द्या म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू, आणि तेव्हापासून बिचारा मला न मागता जास्तीची कलेजी घालतो. दोरा रोशनीच्या फॉल-पिकोच्या डब्यातला. तयार माशी टेबलावर ठेवली, तर रोशनीनं चप्पल उचलली. तेव्हाच ओळखलं, जमली!

सराव गच्चीवर केला. कोपर अंगाला चिकटवून नुसतं मनगट हलवायचं असतं. शेजारच्या सावित्रीबाईंनी खाटेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. पहिल्याच फेकीत एक अख्खी कुरडई हवेतून माझ्याकडे आली. बाई म्हणाल्या, "मांगके खाना था ना बेटा, चोरते कायकू?" आणि संध्याकाळी तळलेल्या कुरडयांची थाळी पाठवली. हैदराबादेत चोरालाही उपाशी ठेवत नाहीत, मामा.

मग शहराबाहेरच्या एका तळ्यावर गेलो. तिथले शिकारी (इकडे मासे धरण्याला शिकारच म्हणतात) वेलची घातलेल्या कणकेचे गोळे आणि रिळांच्या काठ्या मांडून बसलेले. माझी उघडीबोडकी काठी पाहून एक चाचा म्हणाले, "दाना नहीं, रील नहीं, मछली क्या मोहब्बत में आती?"

आणि आली! हातभर मासा! दोरा ताठ, काठीची कमान. अशा वेळी काय करायचं ते तुम्ही लहानपणीच शिकवलेलं: मासा लागला की काठी खांद्यावर टाक आणि पळ मागं. पळालो. तो थेट चाचांच्या उघड्या डब्यात बसलो. खट्टी दाल होती. मासा गेला, पँट गेली, आणि त्या भल्या माणसानं उरलेला भात वर मलाच खाऊ घातला. जपानी माणूस पळत नाही, हे मला फार उशिरा आठवलं. तो असेल तिथं राहतो आणि मनगट उचलून माशाला जाळीत आणतो. खुर्चीत बसूनसुद्धा जमावं. पळायला गुडघे लागतात. (विषय मी काढलेला नाही, तो आपोआप आला.)

खरं सांगू? मासा निसटला तेव्हा मी मागं वळून जोरात ओरडलो, "मामा, पाह्यलंत का?" मागं चाचा होते, डाळ पुसत. मला तुमची फार आठवण आली. ओसरीवर बसून दुसऱ्यांनी धरलेल्या माशांचे भाव विचारणारे मामा मला बघवत नाहीत.

कळावे, लोभ आहेच. रोशनीचा जयभीम.

तुमचा भाचा,
प्रज्ञेश

ता. क. : हातभर म्हणजे बोटभर.

आणखी एक ता. क. : इथल्या, हैदराबादेतल्या हिमायतनगरच्या डॉक्टरीणबाईंनी बुधवारी सकाळी बोलावलं आहे. तुमचा एक्स-रे त्यांनी पाहिला. (तो माझ्याकडे कसा आला ते विचारू नका.) गुडघा बदलला तर नदीपर्यंत चालत जाल म्हणाल्या. नाही बदलला तर काय, तेही म्हणाल्या, पण ते लिहायला माझा हात धजत नाही.

शेवटचा ता. क. : पत्र टपालानं का आलं नाही असं वाटलं असेल. ते आणणारा अनिल, माझा साडू, तुमच्या अंगणात चहा पितोय ना, त्याची गाडी आजच परत हैदराबादला निघते. पुढची सीट मागं सरकवून ठेवली आहे, पाय लांब करता येईल. तुमची पिशवी मामींनी कालच भरली. त्यांच्यावर ओरडू नका. त्यांनी स्वतःचीही भरली आहे.