पोरीचं शिक्षणकर्ज आणि उभा बगीचा

मोर्शी, गुरुवार संध्याकाळ

आज पल्लवीला घेऊन अकोल्याला जाऊन आलो. पोरीला कॉग्निटिव्ह सायन्स शिकायचं आहे. माणूस विचार कसा करतो, त्याचं शास्त्र म्हणे. शिक्षणकर्ज काढावं लागेल, जामीन मी.

जठारपेठेतल्या प्रवेशवाल्या साहेबांना विचारलं, शिकून पगार किती? माझा प्रश्न संपायच्या आत ते म्हणाले, "पॅकेज मोठंच असते, भाऊ!" म्हटलं, असं पॅकेज मिळालेल्या एखाद्या पोराशी बोलणं करून द्या. तर ते चहा सांगायला उठले. माझ्या व्यापारात संत्र्याचा उभा बगीचा, म्हणजे झाडावरचंच फळ, घेताना मालक असा घाईनं बोलला, की मी आधी आतली झाडं पाहतो.

परतताना गाडीत पल्लवीला तेच विचारलं. तिनं मोबाइलवर हिशेब मांडला. मग म्हणाली, "सुरुवातीले कमीच भेटन, बाबा. हप्ता जड जाईन."

"मंग हेच शिकाचं कावून?"

"तुमी फळ लिंबाएवढं असताना बगीचा घेता. गारपीट काय तुमाले सांगून येते?"

हसलो. पण कानात राहिलं ते तिचं 'कमीच'. आपल्या मालाचा भाव स्वतः कमी सांगणारं माणूस मी बाजारात क्वचितच पाहिलं.

ठरवलं. निम्मी फी मी भरतो, कर्ज उरलेल्याचंच. त्या 'कमीच' पगारात हप्ता बसला पाहिजे. उद्या सौद्याचा इसार समजून पहिली रक्कम भरतो.

इसार दिल्यावर मी दर आठवड्याला बगीच्यात चक्कर मारतो, फळ किती भरलं ते पाहतो. इथं तसं करायचं नाही. जमेल का मला?