लाल गाडीचं लांब दार

प्रिय सूनबाई,

फोन केला असता, तर दोन मिनिटांत तू मला गप्प केलं असतंस. "अप्पा, गाडी मी चालवणार की तुम्ही?" एवढं विचारलंस की माझे सगळे मुद्दे चपला घालून निघून जातात. कागद बिचारा ऐकून घेतो. सोमवारी तू शोरूमला कळवणार आहेस की राखाडी गाडी घेतेय. त्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून आज सकाळी चहा झाल्या झाल्या लिहायला बसलोय. अक्षर हललेलं दिसलं तर घाबरू नकोस, टेबलाचा एक पाय आखूड आहे.

आधी थोडं मनातलं. गेल्या महिन्यात तू मला पहिल्यांदा गाड्यांच्या शर्यतीच्या ट्रॅकवर नेलंस, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. आठवडाभर अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "हे बरं, की आधीचं बरं होतं?" असं हळू आवाजात विचारणारी आमची सून त्या दिवशी गाडीतून माझ्या नातीची, आपल्या चिमणीची, सीट काढत होती, खाली सांडलेला बिस्किटांचा चुरा झटकत होती, टायरची हवा स्वतः तपासत होती. मग डोक्यावर हेल्मेट चढवलंस आणि निघालीस. कुंपणाशी आमचे चिरंजीव डोळे मिटून उभे. दर फेरीला मला विचारायचे, "अप्पा, आली का? दिसतेय ना?" मी म्हटलं, बाबा रे, बायको तुझी, डोळे माझे का वापरतोस! तर म्हणाला, "बघवतही नाही आणि घरी बसवतही नाही." आणि तरी तुझा पाण्याचा थर्मास त्याने क्षणभरही खाली ठेवला नाही. तुझं नशीब बरं आहे, एवढंच म्हणतो.

मला मात्र बघवलं. नुसतं बघवलं नाही, ऐकूही आलं. शाळेत आमचे मास्तर बाकावर बोटांनी ताल धरून वृत्तं म्हणून घ्यायचे. भुजंगप्रयात शिकवताना म्हणायचे, सापाची चाल आहे पोरांनो, झोकात वळा, अडखळू नका. आणि शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरावर यती आला की हात वर करायचे. त्या इवल्याशा थांब्यावर श्वास घेतला नाही, तर पुढची ओळ धापा टाकत येते म्हणायचे. त्या दिवशी मोठ्या वळणाआधी तू गिअर खाली घेतलास, इंजिनाचा आवाज एक क्षण सुटला आणि पुन्हा धरला गेला, तेव्हा कुंपणापाशी माझा हात आपोआप वर गेला. शेजारच्या माणसाला वाटलं मी कुणाला तरी बोलावतोय. त्यानेही हात केला. तुझ्या जुन्या गाडीचा जीव केवढा, तिचं वय काय, पण तिच्याकडूनही तू अख्खी कविता म्हणून घेत होतीस.

आता ती जुनी थकली आणि नवी घ्यायची वेळ आली. त्या दोन गाड्या बघायला तू मला आणि चिमणीला नेलंस, त्या दिवसाचा मी अजून रवंथ करतोय. शोरूममधला तो टाय लावलेला मुलगा सरळ माझ्याकडेच आला, "सर, आपण चालवणार?" मी म्हटलं, छे, मी सामान आहे, चालवणाऱ्या त्या. मग तू ब्रेक किती वेळात तापतात, सलग फेऱ्या मारल्यावर पकड राहते का, असं विचारायला लागलीस, तेव्हा रंगांची माहिती सांगायला आलेला तो पोरगा आतून मोठ्या साहेबाला घेऊन आला. चिमणीची सीट तू घरून आणली होतीस. दोन्ही गाड्यांत बसवून बघितलीस, तिची तीनचाकी डिकीत घालून बघितलीस, मागची सीट पाडून ट्रॅकच्या टायरांची चवड मावेल का ते हाताने मापलंस. संसार आणि शर्यत एकाच गाडीत बसवायचं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी बघितलं. इतक्या शांतपणे आणि इतक्या बारकाईने मी कुणाला काही निवडताना पाहिलेलं नाही.

राखाडी गाडी चांगली आहे, हे मी मान्य करतो. पाच दारं, ऑटोमॅटिक गिअर, दार लावलं की भरल्या कपाटासारखा आवाज. जोरही लाल गाडीपेक्षा कमी नाही, फक्त अंगाने जड. तू चालवून आलीस आणि म्हणालीस, "हुशार गाडी आहे." प्रगतिपुस्तकात पहिल्या नंबरच्या मुलाला शेरा देतात तसं. मग लाल. तीन दारांची, बुटकी, हाताने गिअर टाकायची. तिच्यात बसून निघालीस. पुलापलीकडच्या वळणावर एकदम हसलीस. कुणाला दाखवायला नाही, कुणी काही बोललं म्हणून नाही. तुझ्या सासूबाई पन्नाशीत गाडी शिकल्या, तू त्यांना पाहिलं नाहीस. पहिल्यांदा एकट्या गाडी घेऊन गेल्या त्या दोऱ्याचं रीळ आणायला. दुकान गल्लीच्या तोंडाशी, आणि बाई परतल्या दुपार उलटल्यावर, शहराला वळसा घालून. दारात उभ्या राहून अशाच हसल्या होत्या. रीळ आणायचं विसरल्याच. ते हसू मी पुन्हा कुठे ऐकेन असं वाटलं नव्हतं, ते त्या लाल गाडीत ऐकलं.

आणि परतताना तू म्हणालीस, "राखाडीच बरी." कारणं सांगितलीस. गर्दीत क्लच दाबून पाय दुखतो, डिकी मोठी आहे, चिमणीला बसवताना कंबर वाकवावी लागत नाही. सगळी कारणं खरी, पण त्यांतलं एकही तुझं नव्हतं. लाल गाडीत मागे शिरताना मी दाराची कड धरून अडकलो होतो, एक गुडघा आत आणि एक बाहेर. चिमणी ओरडली होती, "आजोबा चिकटले!" सगळे हसले. तू हसली नाहीस. तू माझ्या गुडघ्याकडे बघत होतीस. त्याबद्दल पुढे अवाक्षर काढलं नाहीस, मला काही जाणवू दिलं नाहीस, आणि मनातल्या मनात लाल गाडी सोडून दिलीस. सूनबाई, तुझ्याबद्दल मला काय वाटतं ते सांगायला माझ्याजवळ वृत्त नाही.

म्हणून मी एक उद्योग केला. आधी वाचनालयात गेलो. कवितांच्या कपाटाशेजारीच मोटारींची मासिकं असतात, हे इतक्या वर्षांत मला दिसलं नव्हतं. लाल गाडी हलकी, म्हणून ट्रॅकवर तिचे ब्रेक आणि टायर कमी शिणतात, असं तिथे वाचलं, म्हणजे तुझं मन जिथे होतं तिथेच हिशेबही होता. मग काल बस पकडून एकटा शोरूमला गेलो. टायवाला म्हणाला, "आजोबा, मॅडम नाही आल्या?" मी म्हटलं, मॅडमना कळता कामा नये, मला बसायचा सराव करायचाय. भला मुलगा आहे, दुसरी गिऱ्हाइकं सोडून माझ्याबरोबर राहिला. आणि आम्हाला एक शोध लागला. तीन दारांच्या गाडीला, डिकीचं सोडलं तर, पुढची दोनच दारं, म्हणून ती लांब असतात! राखाडीत पुढे बसताना मला अंग चोरावं लागलं, लाल गाडीचं दार मात्र चांगलं हातभर जास्त उघडं. आपण चुकलो ते मला मागे कोंबायला गेलो म्हणून. खटका ओढून त्याने सीट वर उचलून दिली. आधी पाठमोरं बसायचं, मग दोन्ही पाय जोडून आत घ्यायचे, नव्या नवरीसारखे. पहिल्यांदा डोकं आपटलं, दुसऱ्यांदा टोपी पडली, नंतर असा सहज बसलो की तो म्हणाला, "आता पट्टा लावा आणि निघा ट्रॅकवर." तेव्हा पुढची सीट माझी. मागे चिमणी, तिला ती गुहा वाटते आणि तिथून बाहेर यायचंच नसतं. तिच्या शेजारी तिचे वडील. त्यांचे गुडघे तरुण आहेत, आणि डोळे मिटायला मागची जागा उत्तम.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तुम्ही दोघं मला कायमचं तिकडे राहायला बोलावताय, खोलीला रंगही दिलात, आणि मी प्रत्येक वेळी काहीतरी निमित्त काढून विषय टाळतोय. झाडांना पाणी कोण घालणार, पुस्तकं कुठे मावणार. खरं कारण ते नव्हतं. मी आलो की तुमच्या घरात काय काय लहान होत जाईल, याची मला धास्ती होती. कुणी मला बोलून दाखवणार नाही, नुसतं एकेक गोष्ट मुकाट्याने सोडून देईल, आणि ती सोडून देणारी तूच असशील. लाल गाडी त्यातली पहिली होती. ती पहिली गोष्ट तू सोडली नाहीस, तर पुढच्याही सोडणार नाहीस असं मी समजेन, आणि येईन. झाडं वरच्या मजल्यावरच्या बाईंना देऊन टाकली आहेत, पुस्तकं बांधायला घेतली आहेत. सोमवारी शोरूमला फोन कर, आणि गाडी मिळाली की मला न्यायला ये. मी खिडकीतून बघत असेन. लाल दिसली तर पिशव्या घेऊन खाली उतरेन. राखाडी दिसली तर दार आतून लावून घेईन, हे नक्की समज.

तुझाच,
पुढच्या सीटवरचा
अप्पा