केबिनमधली जागा

अण्णा, तुमच्या नातवाने पिकअप घेतली आहे आणि तिच्या मागच्या फाळक्यावर तुमचा मोठा फोटो चिकटवला आहे, तोच, बंपरवर पाय ठेवून मिशीला पीळ देतानाचा. फाळक्यावर लाव असं मीच सांगितलं. पोराला वाटतं, आईने आजोबांचा मान केला. तुम्हाला तरी खरं कळावं म्हणून लिहायला बसले आहे. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरीच राहतात दरवर्षी, ती कामी येतील.

गाडी कसली, काळा रेडाच तो. जुनी घेतली, सेकंडहँड, तरी हप्ता अठराशे दिरहम, म्हणजे चाळीस हजारांच्या वर रुपये, दर महिन्याला. आम्ही राहतो दुबईशेजारी, अल मजाजला, तिथे साधी गाडी लावायला जागा मिळत नाही, ह्याची तर आमच्या इमारतीच्या तळघरातही शिरत नाही, छताला टेकते. मग समोरच्या मोकळ्या मैदानात पैसे भरून उभी. आणि हा नोकरी काय करतो, तर दुबईत विम्याच्या ऑफिसात खुर्चीवर बसतो. हौद्यात काय वाहतो म्हणाल तर घडीची खुर्ची, बर्फाचा डबा आणि कोळशाची पिशवी. ज्यांना पिकअप खरी लागते ते लोक इथे मी रोज बघते. उम्म अल कुवैनच्या रस्त्याला हौद्यात चाऱ्याच्या पेंढ्या नेणारे दिसतात, कधी पाय दुमडून बसवलेला उंट दिसतो. घर बदलायचं असलं की रस्त्याकडेला एखादा पठाण पिकअप लावून बसलेला असतो, तो फ्रिज, पलंग, देव्हारा सगळं एका खेपेत नेतो. त्यांच्या गाडीला कोणी हार घालत नाही, कोणी तिच्यापुढे फोटो काढत नाही. आमचे चिरंजीव मात्र शनिवारी मित्रांना घेऊन वाळूत जातात, चाकातली हवा कमी करतात, टेकाडावर चढवतात, उतरवतात, परत हवा भरतात आणि घरी येतात. मी विचारलं, यात पोचलास कुठे? तर म्हणे, "आई, इट्स नॉट अबाउट पोचणं."

"मग कशाबद्दल आहे?"

"रूट्स! इट्स इन अवर ब्लड. आजोबा वॉज अ ट्रक मॅन."

"आजोबा भाडी मारायचे. हौद्यात बकऱ्या असायच्या."

"सो कूल," माझी धाकटी लेक म्हणाली, मोबाइलमधून मान वर न काढता. तिने जन्मात बकरी जवळून पाहिलेली नाही, ईदच्या आधी बाजारात पाहिली असेल तेवढीच.

मी हप्त्यावरून आणखी बोलणार होते, पण त्याने किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. मराठीत बोलला, म्हणजे आधी मनात जुळवून आला होता. "आई, ही तुझ्यासाठी घेतली. आजोबांनी मला सांगितलं होतं, तू शाळा संपल्यावर रोज सकाळी फाट्यावर येऊन उभी राहायचीस, त्यांची गाडी बघायला. आय नेव्हर फरगॉट." तुम्ही गेलात तेव्हा हा दुसरीत होता, अण्णा. एका सुट्टीत मांडीवर घेऊन तुम्ही त्याला हे सांगितलंत आणि त्याने ते इतकी वर्षं जपलं. मी किल्ली मुठीत धरून उभी राहिले. 

आता तुम्ही ऐका. आपली पिकअप आली तेव्हा मी नववीत होते. गावातली पहिली. लोक जेवण टाकून बघायला आले. तुम्ही म्हणालात, "गाडी म्हंजे घरची लक्ष्मी हाय," आणि त्या दिवसापासून खरी लक्ष्मी मागे बसली. दसऱ्याला आई पहाटे उठून ती धुवायची, झेंडूच्या माळा सगळ्या बॉनेटला, देव्हाऱ्यात जाईपर्यंत टोपलीत फुलं उरायची नाहीत. मी देवाधर्माची बाई आहे, एकादशी चुकवत नाही, वाहनाची पूजा मलाही मान्य आहे. पण देवाच्या वाट्याचं काढून चाकाला वाहायचं हे तेव्हाही पटलं नव्हतं. फाळक्यावर तुम्ही रंगवून घेतलंत, 'आईचा आशीर्वाद'. आणि आमची आई? ती त्याच फाळक्याला पाठ लावून पोत्यावर बसायची, पदर तोंडावर, दोर धरून. केबिनमधली जागा मानाची. तिथे सरपंच बसेल, कीर्तनकार बसेल, भाडं ठरवायला आलेला कोणीही बसेल, बाई बसायची नाही. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी बांधलेली होती, तेव्हाही ती हौद्यातून घरी आली. पुढे बँडवाला होता, त्याच्याशी सुपारीचं बोलायचं होतं तुम्हाला. वर म्हणालात, "हौद्यात हवा मोकळी असती."

मॅट्रिकला मला पहिला वर्ग मिळाला. तुम्ही पेढे आणलेत, माझ्या गळ्यात हार घातलात, हौद्यात उभी करून गावभर फिरवलंत, तो गाणारा हॉर्न वाजवत. मी लाजून अर्धी झाले होते, पण आनंदही झाला होता, खोटं बोलणार नाही. मला वाटलं, आता कॉलेज नक्की. कॉलेज तालुक्याला, सकाळी साडेसातचं. एसटी दहाची. पण तुमची पिकअप रोज पहाटे दुधाचे कॅन घेऊन तालुक्याच्या डेअरीला जायची, कॉलेजच्या फाटकासमोरून. मी विचारलं. चुलीपाशी विचारलं, आई भाकरी थापत होती, तुम्ही जेवत होता.

"केबिनात क्लीनर असतो आन् डेअरीचा माणूस. त्यांच्यात तुला चेपून बसवू?"

"मग हौद्यात बसेल ती," आई म्हणाली. "मी बसतेच की."

"वयात आलेली पोर कॅनच्या गर्दीत रोज तालुक्याला गेली तर उद्या सोयरीक कोण आणंल? गाडी धंद्याची हाय, धर्मशाळा न्हाई."

हार घालून फिरवायला हौदा चालला होता, अण्णा. आईने पुढची भाकरी तव्यावर टाकली आणि ती करपेपर्यंत उलटलीच नाही. तुम्ही ती करपलेली बाजूला सारून दुसरी मागितलीत.

विचारायची हिंमत मला तेवढीच होती. पुढे मी फक्त जाऊन उभी राहिले. कॉलेज सुरू झालं त्या दिवशी इस्त्रीचा ड्रेस घातला, पिशवीत दोन वह्या टाकल्या आणि फाट्यावर वडाखाली थांबले. वाटलं, मी समोर दिसले तर अण्णा थांबतील, क्लीनरला म्हणतील, सरक जरा. लांबून दिवे दिसले. गाडी जवळ आली. तुम्ही मला पाहिलंत, हसलात, गाणारा हॉर्न वाजवलात, हात केलात आणि गेलात. दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही. क्लीनरसुद्धा हात करायला लागला. माझ्या खांद्याला पिशवी होती, अण्णा, ती तुम्हाला कधी दिसलीच नाही का? मग एका संध्याकाळी पारावर तुम्ही चारचौघांत सांगताना मी ऐकलं, "आमची पोरगी रोज फाट्यावर येती गाडी बघायला. लई जीव तिचा गाडीवर." त्यानंतर मी गेले नाही. पण ती गोष्ट तुम्ही सांगतच राहिलात, माझ्या लग्नात सांगितलीत, जावयाला सांगितलीत, शेवटी नातवाला दिलीत.

आणि आता ती चाकं लावून माझ्या दारात आली आहे.

पोराला मी खरं सांगितलं नाही. रागाच्या भरात दोनदा तोंडापर्यंत आलं. पण इथे वाढलेलं पोर, गावाचं त्याच्याकडे आहे काय? एक तुम्ही, मिशीवाले, बंपरवर पाय ठेवलेले. तेवढंही काढून घेतलं तर त्या वाळूत तो काय शोधत बसेल? गप्प राहिले ते त्याच्यासाठी. तुम्हाला माफ केलं असं समजू नका.

पूजा केली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, पण फुलं आधी देवाला, उरली ती बॉनेटला. मग तो तुमचा फोटो घेऊन आला, इंडस्ट्रियल एरियातून छापून आणलेला. "आई, डॅशबोर्डवर लावू? गणपतीशेजारी? आजोबा विल राइड विथ अस."

"नको. मागे लाव, फाळक्यावर."

"मागे? धूळ बसेल ना."

"हवा मोकळी असते मागे," मी म्हटलं. "आजोबांना आवडायची."

त्याने फाळका पुसून पुसून लख्ख केला आणि तुम्हाला लावलं. खालच्या कोपऱ्याला एक बुडबुडा राहिला, तो नखाने दाबत बसला होता.

आणखी एक गोष्ट. इथे हौद्यात माणूस बसवला तर पोलीस दंड करतात. कायदाच आहे. सगळ्यांनी आत बसायचं, बाई असो, बुवा असो. हे आईला सांगायला हवं होतं.

धाकटी यंदा कॉलेजला लागली. कॉलेजची बस महाग, म्हणून भाऊ ऑफिसला जाताना तिला सोडतो. रोज सकाळी त्या रेड्यात ती चढते, पुढे, खिडकीशी, दार आपटून. ओले केस, मांडीवर पिशवी, पाय डॅशबोर्डवर. मी ओरडते, पाय खाली घे, गणपती आहे समोर. ती म्हणते, "आई, चिल." तो म्हणतो, "यल्ला, लेट होतंय," आणि हॉर्न वाजवून जातो. पुढे तिचा हात खिडकीबाहेर आणि मागे तुम्ही, धूळ खात.

पहिल्या दिवशी ती डबा विसरली म्हणून मी खाली गेले होते. आता डबा आदल्या रात्रीच तिच्या पिशवीत भरते, तरी जाते. लिफ्टने उतरते, मैदानाच्या कडेला उभी राहते आणि वळण घेऊन जाईपर्यंत बघते. शेजारीण परवा म्हणाली, "भाभी, रोज नीचे किसलिये?"

हे पान फाडून कुठे पाठवणार, वहीतच राहील. शेजारणीला मी काय उत्तर दिलं तेवढं तुम्हाला सांगते. म्हटलं, गाडी देखने.