दोन गौरींची वाटणी

पनवेल,
शुक्रवार, २६ ऑगस्ट १९९४

चि. सौ. शोभास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे सगळी बरी आहोत, तुम्हीही तिकडे बरीच असाल. 'तिकडे' लिहिताना माझं मलाच हसू आलं. मधे नऊ इंची भिंत, आणि मी टपाल नाक्यावर जाऊन पाकीट टाकणार! पण करू काय? दारात उभी राहून तुला हाक मारली तर दोन्ही घरांत रामायण. चारुताला पाठवलं तर पोरगी उगाच मोठ्यांच्या भांडणात सापडते. म्हणून हा उद्योग.

आज श्रावणातला शुक्रवार. पुरण घातलं होतं. सवाष्ण म्हणून शेजारच्या कमळाबाईंना बोलावलं. पोटभर जेवल्या बिचाऱ्या. पण वाढताना दर वेळी वाटायचं, आता तू म्हणशील, "वहिनी, जायफळ कमी पडलंय हं." कमीच पडलं होतं. कोणी बोललं नाही.

काल चारुताला घरचा अभ्यास होता, 'ताटातूट'चे पाच समानार्थी शब्द. वियोग, विरह, दुरावा एवढे तिनं लिहिले आणि माझ्या मागे लागली. मी कणीक मळत होते. म्हटलं, लिही वाटणी. आणि पाचवा लिही, भिंत. कार्टीनं खरंच लिहिला! आज बाईंनी त्यावर लाल फुली मारली, तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीये.

शब्दांचं म्हणशील तर ज्याचा त्याचा वेगळा. आमचे हे 'वाटणी' म्हणतात. वकिलाच्या कागदात 'विभक्त' आहे. गुरुदत्तभावजी म्हणे बाजारात सांगतात, "काही नाही हो, जरा वेगळे झालो." आळीत 'फाटाफूट' म्हणतात. आणि हळदीकुंकवाला जमणाऱ्या बायका काय म्हणतात, ठाऊक आहे? "जावाजावांचं पटलं नाही." ऐकलंस? नवीन पनवेलला दुकानाची दुसरी शाखा काढायची की नाही यावरून दोघे भाऊ भांडले, एकमेकांचं तोंड बघेनासे झाले, आणि खापर कोणाच्या डोक्यावर? तुझ्या नि माझ्या! असा संताप आला म्हणून सांगू, हातातला कुंकवाचा करंडा तिथंच आपटून घरी आले.

मधेच उठले. दूध उतू गेलं. मग उगाचच ओटा पुसला, डबे इकडचे तिकडे केले. आज हाताला चैन नाही. आता लिहायचं ते लिहिते, किती टाळणार.

परवा गौरींची पेटी काढली. म्हटलं, मुखवटे चिंचेनं घासून ठेवावेत. फडकं सोडलं तर आत एकच मुखवटा. माळा धुंडाळला, कोठी उपसली. शेवटी ह्यांना विचारलं, तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मे महिन्यात भांड्यांबरोबर वाटले की ते. दोन होते. एक त्याला, एक आपल्याला. चुकलं काय त्यात?"

चुकलं काय त्यात! आपण दोघी स्वयंपाकघरात डोळे पुसत बसलो होतो ना, तेव्हा बाहेर ओटीवर हा कारभार चालला होता. दोन हंडे, दोन पराती, दोन समया, तशा दोन गौरी. अगं, ज्येष्ठा-कनिष्ठा कधी एकमेकींना सोडून उभ्या राहिल्यात का? पण ह्या भावांना कुठलं माहीत असायला? ह्यांनी जन्मभर फक्त नैवेद्याचं ताट बघितलं.

कमळाबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आमची गवर तेरड्याची, एकटीच येते. तुमची नाय येत एकटी?" म्हटलं, नाही हो, आमचं कूळ घाटावरचं. आमच्या जोडीनं येतात, जोडीनंच जातात. तर म्हणतात कशा, "मंग जा ना जावेच्या घरी. लांब हाय का?"

आणि कहर ऐक. माझ्याकडे आलीय ती धाकटी. नाकाशी पोचा आहे ना, तीच. म्हणजे थोरली तुझ्याकडे. तुझी माझ्याकडे नि माझी तुझ्याकडे. तिला पदरानं पुसत मी कितीतरी वेळ रडले, शोभा. तूही आता रडत असशील, मला काय ठाऊक नाही तू?

मुख्य गोष्ट तर पुढेच आहे. ह्यांनी तांबटाकडे नवा मुखवटा सांगितलाय. सोमवारी आणणार आहेत. म्हणाले, "जोडी पुरी झाली म्हणजे तुझी कटकट मिटेल." आज ना उद्या भावजीही तेच करतील. मग तुझ्याकडे एक जोडी, माझ्याकडे एक जोडी, आणि एकमेकींच्या दारात जायचं आपल्याला काही कारणच उरणार नाही. भिंत चढत होती तेव्हा मी एवढी घाबरले नव्हते. भिंत पाडता येते गं. पण ती नवी एकदा पाटावर उभी राहिली, तिला हळदीकुंकू लागलं, की तिला 'तू जा' असं कोण म्हणेल?

मला नवी नको. मला तू हवीस. दुपारी भाजी निवडताना माझ्याशी हुज्जत घालायला, माझ्या जायफळाला नावं ठेवायला. तुझ्यावाचून मला करमत नाही. लिहिलं बाई एकदाचं.

तर मी ठरवलंय. गौरी आणायच्या दिवशी धाकटीला परातीत घेऊन, पुढच्या रस्त्यानं, सगळ्यांच्या देखत मी तुझ्या दाराशी येईन. माझ्या घरी गौरी बसणार नाहीत. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. कळल्यावर आकाशपाताळ एक करतील, करू देत. दारात तू विचारायचंस, गौर कशाच्या पावलांनी आली, आणि उत्तर मी द्यायचं. पूजा तू कर. थोरलेपणाचा मान मला नको, मी सवाष्ण म्हणून पाटावर बसेन आणि तू वाढशील ते जेवेन.

भावजी आडवे आले तर? याचाही विचार केलाय. उंबऱ्याशी आलेली गौर मागे फिरवत नाहीत. मी तुझ्या पायरीवर बसेन, तिला मांडीवर घेऊन, दिवे लागेपर्यंत. बघू दे साऱ्या आळीला.

ह्या पत्राला उत्तर पाठवू नकोस. नाहीच म्हणायचं असलं, तर दारात येऊन आम्हा दोघींच्या तोंडावर म्हण.

तुझ्या दाराकडे निघालेली,
दमयंती