सुकाणू काढलेली जहाजं

एर्मूपोली, सिरा बेट
१८ सप्टेंबर १८४६

प्रिय दाम्यानोस,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. गुडघे सोडले तर माझी तक्रार नाही. अक्षर वेडंवाकडं आहे, पण माझंच आहे. म्हातारपणी पाद्र्याच्या बायकोशेजारी बसून गिरवलं. घरचं पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको वाटायचं.

यंदा द्राक्षं गोड निघाली. अंजिरं वाळत टाकलीत. शेजारणीने दोरीवर ऑक्टोपस टांगलाय आणि मांजराचं सगळं चित्त तिथे. या आळीत सगळी आपल्या प्सारा बेटाचीच माणसं. बावीस वर्षांपूर्वी तुर्कांनी बेट जाळलं, पण बायकांची भांडणं तेवढी शाबूत आली.

खाली धक्क्यावर जहाजं बांधतात. नवं जहाज पाण्यात सोडताना पाद्री तीर्थ शिंपडतो, पोरी शिडांकडे बघतात. मी सुकाणू बघते. जागेवर आहे ना, एवढं बघून घरी येते.

आरमारातून मोकळा झालास, बायको गेली, खोकला हटत नाही, उरलेले दिवस माझ्यापाशी काढायचेत, असं लिहिलंस. आणि शेवटी, 'ताई, एकदा सगळं सांगून मन हलकं करायचंय.' पदकाचंही कळवलंस. दारू-डांबर भरलेलं गलबत पेटवून तुर्कांच्या जहाजाला नेऊन भिडवायचं, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. तू ते केलंस. आईला अभिमान वाटला असता. मलाही वाटायचा.

पत्रात तुझ्या दाजींचं नाव कुठे नाही. माझ्या चिमुकल्या आर्गिरोचंही नाही.

तुर्क चालून येणार हे कळल्यावर भरलेली ती सभा आठवते ना? आम्ही बायका देवळाच्या ओट्यावर होतो. आपल्याकडे आश्रयाला आलेले शिपाई म्हणाले, "तुम्ही दर्यावर्दी. वेळ आली की शिडं सोडाल, आम्ही बसू इथे मरत." झालं, आपल्या माणसांच्या नाकाला मिरची झोंबली. तू उठलास. "काढा सगळ्या जहाजांची सुकाणं. पळायची वाटच नको."

हे म्हणाले, "अहो कप्तान, घोड्याचे पाय तोडून त्याला दारात राखणीला उभा करायचा का?"

"दाजी, तुम्ही आपली शिडं शिवा. लढाई आमच्यावर सोडा."

सगळी सभा हसली. हेही हसले. भोळाच माणूस.

त्याच संध्याकाळी तू सुकाणं उतरवलीस, आपल्या वडिलांच्या जहाजाचंसुद्धा. फक्त पेटवायच्या गलबतांची ठेवलीस, कारण तुम्हाला शत्रूवर जायचं होतं. बरोबरच होतं ते.

मग तुर्क बेटाच्या मागच्या अंगाने चढले. गाव बंदराकडे धावलं. आम्ही तिघं वडिलांच्या जहाजावर चढलो, आमच्यासारखी कितीतरी माणसं चढली. दोर तोडले. वारा होता, ह्यांनीच शिवलेली शिडं होती, आणि जहाज घाण्याच्या बैलासारखं गोल गोल फिरत राहिलं. ह्यांनी फळ्या बांधून मागे धरून पाहिल्या. हात सोलून निघाले.

तेवढ्यात तुझं गलबत शेजारून गेलं. सुकाणूवर तूच होतास, कमरेचा लाल पट्टा मी ओळखला. आर्गिरो माझ्या कडेवर होती. म्हणाली, "आई, रडू नको. मामा आला."

पुढे खडक होता. पाण्यातून मी एकटीच वर आले.

तेव्हा दाम्यानोस, ये. मागची खोली सारवून ठेवते. तिथून समुद्र दिसत नाही. खोकल्यासाठी मधाचा काढा करीन, जवाचे कडक पाव पाण्यात मऊ करून देईन, तुझे दात काही माझ्याहून बरे नसणार. मेलास तर रडायलाही मीच असेन.

पण मन हलकं करायला येऊ नकोस. त्या दिवशी आम्ही तुला दिसलो होतो की नाही, हे मला कधी सांगू नकोस. नव्हतो म्हणालास, तर माझा विश्वास बसायचा नाही. होतो म्हणालास, तर तुला जेवायला कोण वाढील?

येताना पदक तिथेच ठेवून ये.

तुला दारात घेणारी,
आर्गिरोची आई
मारूको