बाटली झाडांसाठी आहे

४ फेब्रुवारी
दिवसभर लोकांची तोंडं. किळस आली. माणूस शर्टाला इस्त्री करतो, बुटांना पॉलिश करतो आणि तोंडात कालचं जेवण घेऊन दातांच्या डॉक्टरकडे येतो.

संध्याकाळी वेटिंग रूममधला फिशटँक पाहिला, तर तिथेही तेच. झाडं पिवळी पडलेली, काचेवर बुळबुळीत शेवाळ. एक पान उचललं, ते बोटांतच विरघळलं. शी!

रस्त्यापलीकडे समोरचा. माझ्याच हाताखाली दाढा उपटायला शिकला आणि माझ्याच दारासमोर क्लिनिक थाटलं. त्याच्या टँकमध्ये म्हणे जंगल वाढलंय. हे मला माझेच पेशंट सांगतात. तोंडात कापूस असतानाही सांगतात.

त्याचं गुपित मला कळलंय. सिलिंडर! पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडतो, तो खाऊन झाडं वाढतात. यात कसलं आलंय कर्तृत्व? मी तोच गॅस स्वतः तयार करणार. बाटलीत साखर, कोमट पाणी आणि यीस्ट, म्हणजे पाव फुगवायची पावडर. यीस्ट साखर खातं आणि गॅस सोडतं. गॅस नळीतून टँकमध्ये. महिन्याभरात समोरचा सल्ला मागायला येईल.

संकल्प: तो आला की फार ताणून धरायचं नाही.

५ फेब्रुवारी
बाटलीच्या झाकणाला माझ्या ड्रिलने भोक पाडलं. त्यात सलाईनची नळी. फट कवळीच्या गुलाबी मटेरियलने बुजवली. झाकण हिरडीसारखं दिसतं, पण हवा जाणार नाही. पाणी 'कोमट' घ्या असं लिहिलं होतं. मी डॉक्टर आहे, कोमटावर माझा विश्वास नाही. इन्स्ट्रुमेंट्स उकळतो तिथलं खळखळतं पाणी घेतलं. सगळं कसं निर्जंतुक!

७ फेब्रुवारी
एक बुडबुडा नाही. यीस्ट भेसळीचं निघालं. दुकानदाराला चांगलं सुनावलं. त्याने मुकाट्याने दुसरं पाकीट दिलं, म्हणजे चोरी कबूल.

उकळतं पाणी आज शिल्लक नव्हतं, नाइलाजाने कोमट वापरलं. पाकिटातलं चिमूटभर घाला म्हणतात. चिमटीने कधी कोणाचं भलं झालंय? अख्खं पाकीट ओतलं. साखरही सढळ हाताने.

८ फेब्रुवारी, सकाळ
बुडबुडे! धो धो!! सिस्टरला बोलावून दाखवलं. ही माझी मदतनीस, कामाला बरी, पण उत्साह नावाला नाही. नाकाला पदर लावून म्हणाली, डॉक्टर, वास कसला येतोय? मी म्हणालो, विज्ञानाचा.

१० फेब्रुवारी
सकाळी दार उघडलं तर सगळे मासे पाण्याच्या वर तोंडं काढून उभे. मला ओळखायला लागले! मोठ्ठा आ करून माझ्याकडे बघत होते. पेशंटांनी यांच्याकडून शिकावं.

११ फेब्रुवारी
बाटलीला वास आहे खरा. आंबूस. खरं सांगायचं तर गुत्त्यासारखा. टँकखालच्या कपाटात ठेवली तरी खोलीभर पसरतो.

गाल सुजलेला एक पेशंट आला, मी जवळ वाकलो तर हुंगायला लागला. विचारलं, डॉक्टर, किती वाजले? मी म्हणालो, दहा. 'म्हणजे सकाळीच?' असं म्हणून सूज घेऊन निघून गेला. असल्या संशयी लोकांची शिसारी येते.

उपाय केला. सिस्टरला बजावलं, येणाऱ्या प्रत्येकाला आपणहून सांगायचं की डॉक्टर अजिबात पीत नाहीत.

१३ फेब्रुवारी
सिस्टर नेमाने सांगते आहे. पेशंट का घटले कळत नाही. समोरच्याने काहीतरी पसरवलं असणार.

काही मासे गेले. वय झालं असेल. एक झाड हिरवंगार दिसलं म्हणून धावत गेलो. शेवाळ होतं. पण हिरवं होतं.

१४ फेब्रुवारी
बुडबुडे बंद. नळीत पांढरा चिकट गाळ अडकलेला, हुबेहूब शेंबूड. सुईने निघेना. शेवटी कपाटामागे गुडघ्यांवर बसलो, नळी तोंडात धरली आणि जोरात चोखली. गाळ सुटला. गाळामागून बाटलीतलंही आलं. थू! थू! लोकांच्या तोंडात आयुष्य घातलं, पण असली चव कुठे असेल असं वाटत नाही.

मान वर केली तर दारात दादा. माझा मोठा भाऊ वर्षातून एकदा दात दाखवायला येतो, तो नेमका आजच. हळूच म्हणाला, 'नळीने?' मी म्हणालो, दादा, ही झाडांसाठी आहे. त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि दात न दाखवताच गेला. पासष्टीचा माणूस, डोळे पुसत जिना उतरला. शास्त्राचं शिक्षण नसलं की हे असं.

१७ फेब्रुवारी
वाचनात आलं की रात्री झाडं हा गॅस घेत नाहीत. मग वाया का घालवा? काल जाताना नळीला चिमटा लावला. आज सकाळी काढायचा राहिला. सिस्टरने आठवण करून द्यायला हवी होती.

खुर्चीत बायकोच्या शाळेच्या हेडबाई. ही त्यांच्याच हाताखाली शिकवते, म्हणून दाढ अगदी मन लावून कोरत होतो. बाहेर धडाम्! कपाटाचं दार उडालं आणि माझ्या खोलीच्या दाराच्या फटीतून तपकिरी फेस हेडबाईंच्या चपलांपर्यंत आला. वास म्हणजे... पुढचं लिहवत नाही. हेडबाई तोंडात थुंकी ओढायची नळी तशीच ठेवून ताडकन उठल्या. धीर द्यायला म्हणून मी म्हणालो, घाबरू नका, माझीच बाटली आहे.

वाक्य जरा चुकलं.

१८ फेब्रुवारी
ही रात्रीपासून बोलत नव्हती. सकाळी बोलली ती अशी: लोकांचे नवरे पितात, पण निदान माशांचं नाव तरी पुढे करत नाहीत. दादाने सगळं सांगितलंय मला. हेडबाई स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या, तुम्हाला रजा हवी असेल तर घ्या. मी मान खाली घालून उभी होते.

मग रडली. आवाज न करता. ते बघवेना, म्हणून मी कागदावर यीस्टची आकृती काढून दाखवली. तिने कागद पालथा घातला.

दुपारी समोरच्याचा फोन. म्हणतो, सर, तब्येत महत्त्वाची. तुमचे पेशंट मी सांभाळतो. अजून 'सर' म्हणतो! अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

दारू सोडणाऱ्यांची एक सभा भरते, तिथे एकदा चला, असं ही म्हणते. जाईन. शांतपणे सगळं समजावून सांगेन. कुठेतरी कोणीतरी ऐकून घेणारं असेलच.

२४ फेब्रुवारी
गेलो. ही बाहेर बाकावर बसली. आत गोल मांडलेल्या खुर्च्या, कळकट कप, गोडमिट्ट चहा. माझी पाळी आली तेव्हा पहिल्यापासून सांगितलं. साखर, यीस्ट, नळी, झाडं. कोणी मध्ये बोललं नाही. कोणी हसलं नाही. इतकं नीट मला आजवर कोणी ऐकलं नव्हतं. भरून आलं.

संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चालवणारे गृहस्थ म्हणाले, शाब्बास, आज झाडांपर्यंत आलात, हळूहळू पुढे याल. शेजारचा म्हणाला, माझी खोकल्यासाठी होती.

निघताना एकाने गाठलं. हात थरथरणारे, डोळे लाल, महिन्याची दाढी. म्हणाला, दातांचे डॉक्टर ना तुम्ही? दाढ फार ठणकते हो. आ केला. असलं तोंड उभ्या जन्मात पाहिलं नाही. पण काय सांगू, आनंद झाला. कित्येक दिवसांत कोणी माझ्यासमोर आपणहून तोंड उघडलं नव्हतं. मी म्हणालो, उद्याच या, सकाळी पहिला नंबर तुमचा.

त्याने तोंड मिटलं. माझे दोन्ही हात हातात घेतले.

'उद्या नको, डॉक्टर,' म्हणाला. 'तुम्ही आधी बरे व्हा. तोवर मी समोरच्यांकडे दाखवतो.'